सामाईक दप्तराची राखण
श्रीरामपूरच्या कार्यालयासाठी डिस्कांची जोडणी कशी निवडावी?

जुन्या कागदाचे मोल श्रीरामपूर परिसरातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी या शिवारात खेळू लागले आणि त्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले. हरेगावची बेलापूर कंपनी व टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स यांच्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये या जमिनी शासनाकडे आल्या, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्यांची व्यवस्था गेली आणि मूळ मालकांचे वारस ‘खंडकरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जमीन परत मिळावी यासाठी त्यांनी दिलेला लढा कित्येक दशके चालला. प्रत्यक्ष वाटपास प्रारंभ झाला तो २०१२ मध्ये. आजोबांनी जमीन खंडाने दिली आणि नातवाने ती परत मागितली, या दोन घटनांना जोडणारा दुवा म्हणजे फेरफार, उतारा आणि कराराचा पिवळा पडलेला कागद होय.

तो कागद टिकला, कारण त्याला टिकण्यासाठी फारसे काही लागत नव्हते. कोरडी जागा, वाळवीपासून रक्षण आणि बस्त्याला घट्ट गाठ एवढे पुरेसे होते. आज तशाच नोंदी संगणकात जात आहेत. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्या वेळी देशातील ६३,००० संस्था व २,५१६ कोटी रुपये असा तिचा आवाका होता. मुख्य हिशेब अशा योजनांतून दूरच्या मध्यवर्ती संगणकावर जातात हे खरे. परंतु कर्जरोख्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, सभासदांचे अर्ज, ठरावांची पुस्तके, शिवाराचे नकाशे, पत्रव्यवहार असा मोठा ऐवज कार्यालयातील एका सामाईक संगणकावर, म्हणजे फाइल सर्व्हरवर, राहतो. दहाबारा टेबलांवरील संगणक त्यालाच जोडलेले असतात. या सर्व्हरच्या पोटातील डिस्कला उत्पादक हमी देतो ती बहुधा तीन ते पाच वर्षांची. ज्या नोंदीची गरज साठ वर्षांनी पडू शकते ती पाच वर्षांच्या हमीच्या वस्तूवर ठेवावयाची, असा हा पेच आहे. तो सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे एकाऐवजी अनेक डिस्क जोडून ठेवणे. ही जोडणी कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कल्पना कोठून आली?

या जोडणीला तंत्रज्ञ ‘रेड’ म्हणतात. आयकर खात्याच्या छाप्याशी त्याचा संबंध नाही. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ ‘स्वस्त डिस्कांचा अतिरिक्ततायुक्त संच’ असा होता. पुढे ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी ‘स्वतंत्र’ हा शब्द आला, आणि विक्रेत्यांनी लावलेल्या किमती पाहता तो बदल प्रामाणिकच म्हणावा लागेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी आयबीएम कंपनीच्या ३३८० या मोठ्या डिस्कयंत्राची क्षमता साडेसात गिगाबाइट होती, तर घरगुती संगणकातील कॉनर कंपनीची लहानशी डिस्क अवघ्या १०० मेगाबाइटची होती. अशा ७५ लहान डिस्क एकत्र बांधल्या तर मोठ्या यंत्राचे काम कमी खर्चात व अधिक वेगाने होईल, असे त्यांनी दाखविले.

लहानांनी एकत्र येऊन मोठ्याचे काम करावे, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भाग गोळा करून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारला, तो श्रीरामपूरपासून फार दूर नाही. परंतु एकत्र येण्यात एक धोकाही असतो आणि बर्कलेच्या अभ्यासकांनी तो लपविला नाही. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर शंभर डिस्कांच्या संचात कोणती तरी एक डिस्क सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बंद पडणार. नुसती संख्या वाढविली तर भरवसा कमी होतो. म्हणून काही जागा मुद्दाम राखून ठेवावयाची आणि तीत अशी माहिती लिहावयाची की जिच्या आधारे गेलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा उभा करता येईल. ‘अतिरिक्तता’ ती हीच.

वजनकाट्यावरील चिठ्ठ्या

ही किमया कशी साधते, हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहिल्यास चटकन समजते. समजा, तीन ट्रॅक्टरांवरील उसाची वजने १४, ९ व २० टन भरली. प्रत्येक वजन वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले.

सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक चिठ्ठीची नक्कल करून ती दुसऱ्या खिशात ठेवणे. एक खिसा फाटला तरी दुसरा आहे. डिस्कांच्या भाषेत ही ‘रेड १’, म्हणजेच आरशाची पद्धत. दोन डिस्कांवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. निम्मी जागा खर्ची पडते, पण समजावयास सोपी आणि दुरुस्तीस त्याहून सोपी.

दुसरा उपाय अधिक हिशेबी आहे. नकला न करता चौथ्या चिठ्ठीवर तिन्ही वजनांची बेरीज लिहावयाची : ४३. आता ९ टनांची चिठ्ठी हरवली, तर ४३ मधून १४ व २० वजा करताच ९ हाती येतात. कोणतीही एक चिठ्ठी हरवली तरी हेच गणित चालते, आणि नकलांसाठी तीन चिठ्ठ्या लागत होत्या तेथे एकीत भागते. हीच ‘रेड ५’. प्रत्यक्षात यंत्र दशमान बेरीज करीत नाही. शून्य व एक या अंकांची सम-विषमता तेवढी नोंदवते, आणि ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर आळीपाळीने ठेवते. तत्त्व मात्र बेरीज-वजाबाकीचेच.

परंतु दोन चिठ्ठ्या हरवल्या तर? १४ व २० दोन्ही गेल्या, तर ४३ मधून ९ वजा करून ३४ एवढेच कळते. त्या ३४ ची वाटणी कशी होती हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून पाचवी चिठ्ठी ठेवावयाची. तीत पहिल्या वजनाची एक पट, दुसऱ्याची दोन पट व तिसऱ्याची तीन पट यांची बेरीज लिहावयाची : १४ अधिक १८ अधिक ६०, म्हणजे ९२. आता पहिले व तिसरे वजन हरवले तरी हरकत नाही. दोन्ही मिळून ३४ आहेत. ९२ मधून मधल्याचे १८ वजा जाता ७४ उरतात, आणि हे ७४ म्हणजे पहिल्याची एक पट अधिक तिसऱ्याची तीन पट. ७४ मधून ३४ वजा केल्यास ४० राहतात, ते तिसऱ्याच्या दुप्पट. म्हणजे तिसरे २० आणि पहिले १४. माध्यमिक शाळेतील दोन समीकरणांचे हे उदाहरण ‘रेड ६’चे मर्म सांगते. कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी मजकूर वाचतो.

या चिठ्ठ्यांवरूनच आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. ९ टनांचे वजन चुकले असून ते ११ हवे होते, असे समजा. नकलेच्या पद्धतीत दोन चिठ्ठ्या बदलल्या की काम संपले. बेरजेच्या पद्धतीत आधी जुनी चिठ्ठी वाचावयाची, जुनी बेरीज वाचावयाची, फरक काढावयाचा, मग नवी चिठ्ठी व नवी बेरीज लिहावयाची. म्हणजे चार कामे. दोन बेरजा असतील तर सहा. मोठमोठ्या फायली एकदा लिहून वारंवार वाचावयाच्या असतील तर याचा त्रास जाणवत नाही. पण दिवसभर छोट्या छोट्या दुरुस्त्या होणारा हिशेब त्याच डिस्कांवर असेल तर टेबलावरचा कारकून ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार करतो, आणि त्याची तक्रार खरी असते.

आधी दप्तर मोजा

कोणती पद्धत घ्यावी हा प्रश्न विचारण्यापूर्वी दप्तर केवढे आहे हे मोजले पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमके हेच होत नाही. कोटेशन प्रथम येते आणि गरज मागाहून ठरते.

नमुन्यादाखल श्रीरामपुरातील बारा टेबलांचे, सहकारी संस्थेचे एक कार्यालय डोळ्यांपुढे आणू. जुने दप्तर पाच लाख पानांचे आहे. नेटके स्कॅन केलेले एक पान सरासरी अर्ध्या मेगाबाइटचे धरल्यास सारे जुने दप्तर २५० गिगाबाइटमध्ये मावते. रोज ४०० नवी पाने व वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर वर्षाकाठी ६० गिगाबाइटची भर पडते. दहा वर्षांत ६००. पत्रे, तक्ते व छायाचित्रे यांसाठी सढळ हाताने जागा सोडली तरी दोन टेराबाइटच्या पुढे मजल जात नाही. बस्ते ठेवण्यास जेथे दोन खोल्या पुरत नव्हत्या, तेथे हे सर्व तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये बसते.

जागा खातात ते कॅमेरे. दारावरील व रोखपालाच्या खिडकीवरील एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट या दराने चित्रण साठवीत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण दहा टेराबाइटच्या वर जाते. म्हणजे शंभर वर्षे जपावयाचे दप्तर दोन टेराबाइट आणि महिन्याने पुसावयाचे चित्रण दहा टेराबाइट! ही दोन्ही एका संचावर ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय. कॅमेऱ्यांची पेटी वेगळी असावी. तिच्यातील डिस्क अहोरात्र लिहीत असते, ती लवकर झिजते, आणि तिच्या झिजण्याचा भार सभासदांच्या कर्जरोख्यांवर पडण्याचे काही कारण नाही.

चार डिस्कांचा प्रश्न

बाजारात चार डिस्कांच्या पेट्या सर्रास मिळतात, त्यामुळे चर्चा बहुधा चारांवरून सुरू होते. प्रत्येकी चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर रेड ५ मध्ये वापरण्याजोगी जागा १२ टेराबाइट मिळते आणि रेड ६ मध्ये ८. तिसरा पर्याय म्हणजे आरशाच्या दोन जोड्या करून मजकूर त्यांच्यावर वाटून टाकणे. याला ‘रेड १०’ म्हणतात व त्यातही ८ टेराबाइटच मिळतात. सर्वांत जास्त जागा देते म्हणून रेड ५ कडे मन ओढले जाते. पण आपल्या नमुना कार्यालयाला दोन टेराबाइट हवे आहेत. बारा मिळाले काय आणि आठ मिळाले काय, सारखेच.

रेड ५ चा खरा दोष दुरुस्तीच्या वेळी उघडा पडतो. एक डिस्क बंद पडल्यावर तिच्या जागी नवी बसविली की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून हरवलेला मजकूर पुन्हा काढावा लागतो. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरावयाची झाली तर साडेसात तास लागतात, आठ टेराबाइटची असेल तर पंधरा. आणि कार्यालयाचे कामही चालू असेल तर याहून कितीतरी अधिक. या काळात संच निराधार असतो. सर्व डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या. सारख्याच वापरलेल्या, सारख्याच तापलेल्या. एकीने राम म्हटल्यावर दुसरीही थकलेली असणे अगदी संभवते, आणि नेमके त्याच वेळी तिच्यावर वर्षातील सर्वांत मोठा भार पडतो. शिवाय सामान्य डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या जागेचे कमाल प्रमाण दर १०० लाख कोटी बिटांमागे एक असे दिलेले असते. हा आकडा सुमारे साडेबारा टेराबाइट होतो. वरील संचाच्या दुरुस्तीत १२ टेराबाइट वाचावे लागतात! प्रत्यक्षात चांगल्या डिस्क या हमीपेक्षा पुष्कळ बऱ्या चालतात. तरीही जेथे आधाराला दुसरी बेरीज नाही तेथे हा अंक दुर्लक्षून चालत नाही.

रेड ६ व रेड १० यांच्यातील निवड अधिक बारीक आहे. चार डिस्कांपैकी कोणत्याही दोन बंद पडण्याचे सहा प्रकार होऊ शकतात. रेड ६ या सहाही प्रकारांत तरते. रेड १० चार प्रकारांत तरते; एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्या, तर ते दोन प्रकार प्राणघातक ठरतात. उलट, रेड १० मध्ये दुरुस्ती म्हणजे जोडीदाराची सरळ नक्कल; एकच डिस्क वाचावी लागते, काम लवकर आटोपते आणि छोट्या नोंदी जलद लिहिल्या जातात. सातत्याने हिशेब चालणाऱ्या ठिकाणी रेड १०, आणि स्कॅन केलेली कागदपत्रे, नकाशे, छायाचित्रे अशा ‘लिहिले व ठेवले’ या प्रकारच्या दप्तरासाठी रेड ६, असा साधारण निर्वाळा देता येईल. सहा-आठ डिस्कांचा संच असेल, तर दप्तरासाठी रेड ६ वाचून दुसरा विचार करू नये.

मात्र आपल्या नमुना कार्यालयाबाबत प्रस्तुत लेखकाचे मत यापैकी कोणत्याच बाजूचे नाही. दोन टेराबाइटच्या दप्तरासाठी चार डिस्क एकाच पेटीत कोंबण्याचे प्रयोजन काय? चार टेराबाइटच्या दोन डिस्क आरशाच्या पद्धतीने सर्व्हरमध्ये घालाव्यात आणि उरलेल्या दोन पेटीबाहेर ठेवाव्यात. त्या बाहेर का, हे पुढे येईलच.

खरेदीबाबत दोनतीन सूचना येथेच करणे उचित होय. शासकीय कार्यालये २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून खरेदी करतात. त्या वेळी मागणीपत्रात ‘एकूण क्षमता’ न लिहिता ‘जोडणीनंतर वापरता येणारी क्षमता’ लिहावी. अन्यथा १६ टेराबाइट मागवून ८ हाती आल्यावर खुलासे लिहीत बसण्याची पाळी येते. चार टेराबाइटची डिस्क काही संगणकांच्या पडद्यावर ३.६४ दिसते, ती मात्र कोणाची लबाडी नव्हे. उत्पादक हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने, एवढाच तो फरक आहे. लेखापरीक्षकांसाठी ही टीप नस्तीत लावून ठेवलेली बरी. डिस्क शक्यतो दोन वेगवेगळ्या खेपांतून घ्याव्यात. आणखी एक : काही डिस्कांवर मजकुराचे पट्टे छपरावरील कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिलेले असतात. मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे तिचे होते. दुरुस्तीच्या वेळी ती रेंगाळते. अशा डिस्क काही उत्पादकांनी स्पष्ट उल्लेख न करता सर्व्हरच्या वापरासाठी विकल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले होते. मागणीपत्रात ‘कौलारू पद्धतीची नको’ अशी अट तांत्रिक भाषेत घालून घ्यावी.

वीज, उष्मा आणि माणूस

पुन्हा वजनकाट्यावर जाऊ. ९ ची चिठ्ठी बदलून ११ केली आणि बेरीज ४३ ची ४५ करण्याआधीच वीज गेली. आता चिठ्ठ्या एक सांगतात व बेरीज दुसरे. त्या क्षणी काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. सहा महिन्यांनी १४ ची चिठ्ठी हरवते, यंत्र ४३ मधून ११ व २० वजा करते आणि १२ हा आकडा निःशंकपणे पुढे ठेवते. चुकीचे वजन, पण तक्रार नाही, धोक्याचा दिवा नाही. वीज जाणे ही ज्या गावात अपूर्वाईची गोष्ट नाही तेथे यूपीएस हा चैनीचा भाग नसून संचाचाच भाग समजला पाहिजे. आणि त्याची तार सर्व्हरला अशी जोडलेली हवी की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून शिस्तीने बंद होईल. बॅटरी फुगलेला यूपीएस टेबलाखाली वर्षानुवर्षे पडून असतो, तो धरू नये.

याच कारणास्तव, संचातील सर्व मजकूर महिन्यातून एकदा वाचून बेरजा ताडून पाहण्याची व्यवस्था चालू ठेवावी. तरीही नुसत्या बेरजेवरून काहीतरी चुकले एवढेच कळते. कोणती चिठ्ठी चुकली हे कळत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील अभियंत्यांनी घडविलेल्या व २००५ मध्ये खुल्या केलेल्या ‘झेडएफएस’ या प्रणालीत प्रत्येक चिठ्ठीवर स्वतंत्र पडताळा-अंक असतो, त्यामुळे दोषी चिठ्ठी ओळखून ती चांगल्या प्रतीवरून दुरुस्त केली जाते. दीर्घकाळ जपावयाच्या दप्तरासाठी ही किंवा अशी प्रणाली निवडणे शहाणपणाचे. जोडणीचे काम वेगळ्या कार्डाकडे द्यावे की प्रणालीकडे, हा वाद जुना आहे. कार्ड जलद असते. पण सात वर्षांनी ते जळाले आणि तसलेच कार्ड बाजारात मिळाले नाही, तर सर्व डिस्क धडधाकट असूनही दप्तर बंद कपाटात अडकल्यासारखे होते. लिनक्ससारख्या खुल्या प्रणालीने केलेली जोडणी दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकावर उघडता येते. लहान कार्यालयाने दुसरा मार्ग धरावा.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या खिडकीखाली, जाजमावर, धुळीत ठेवलेला सर्व्हर हा या ऋतूत आपणच डिस्कांची परीक्षा पाहण्याचा प्रकार होय.

यंत्रापेक्षाही माणसाकडून होणारे घोटाळे अधिक. डिस्क बंद पडल्याचा इशारा ईमेलने जातो, परंतु तो ज्या पत्त्यावर जातो त्या कर्मचाऱ्याची बदली होऊन दोन वर्षे झालेली असतात. पेटी ‘टीं टीं’ वाजू लागली की कोणीतरी कटकट म्हणून तो आवाज बंद करतो आणि संच एका पायावर उभा राहतो. दुरुस्तीला आलेला माणूस घाईत बिघडलेल्या डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क ओढतो. यावर उपाय अगदी कारकुनी आहे : प्रत्येक खणावर बाहेरून दिसेल असा डिस्कचा अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, तिची एक प्रत नोंदवहीत ठेवावी, इशारा किमान दोघांना जावा आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत सर्व्हरचा उल्लेख असावा. एक जादा डिस्क कपाटात तयार ठेवावी. नवी मागविण्यास मंजुरी लागते, आणि मंजुरी आठवडाभर आली नाही म्हणून दुसरी डिस्क थांबून राहत नाही.

दुसरी प्रत

आता पेटीबाहेरच्या त्या दोन डिस्कांकडे वळू. कोणत्याही पातळीचा रेड घेतला तरी तो डिस्क बंद पडण्यापासूनच वाचवतो. चुकून पुसलेली फाइल आरशाच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर संगणक-विषाणूने दप्तर कुलूपबंद केले तर ते रेड ६ वरही तेवढ्याच इमानाने कुलूपबंद होते. आणि आग व पाणी डिस्कांची संख्या मोजत नाहीत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील कार्यालये व कागदपत्रे भस्मसात झाली, ही घटना राज्यातील प्रत्येक दप्तरी माणसाच्या स्मरणात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी कार्यालयांच्या तळमजल्यांत शिरले. एकाच पेटीतील आठही डिस्क एकाच पाण्यात बुडतात.

म्हणून दोन डिस्क बाहेर. एका डिस्कवर दर शुक्रवारी संध्याकाळी बदललेल्या फायलींची प्रत घ्यावी, ती सर्व्हरपासून सोडवून तिजोरीत ठेवावी. पुढच्या शुक्रवारी दुसरी. तिजोरीत नसलेली डिस्क दुसऱ्या गावी, राहुरी किंवा नेवासे येथील शाखेत असावी. जोडूनच ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण विषाणू तेथेही पोहोचतो. डिस्कवरील मजकूर सांकेतिक करून ठेवावा आणि त्याची किल्ली लाखबंद पाकिटात, दोन जबाबदार व्यक्तींकडे स्वतंत्रपणे द्यावी. आठवड्याच्या मधल्या चुकांसाठी सर्व्हरवरच दर तासाला दप्तराचे न बदलता येणारे चित्र घेण्याची सोय असते, ती चालू करावी; दुपारी पुसलेले पान संध्याकाळी परत मिळते.

इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर प्रत पाठविण्याची सोय ज्यांना आहे त्यांनी तीही घ्यावी, मात्र हिशेब करून. सेकंदाला २० मेगाबिट वर पाठविणाऱ्या जोडणीवरून एक टेराबाइट जावयास साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. रोजची ४०० पाने मात्र दीड मिनिटात जातात. तेव्हा पहिली प्रत डिस्कवरून पोहोचवावी आणि रोजची भर तारेवरून. दप्तर परत आणावयाचे झाले तर पुन्हा तेच साडेचार दिवस लागतील, हे ध्यानात घेऊन गावातल्या तिजोरीतील डिस्क सोडू नये.

प्रत घेतली जाते, पण ती उघडते का? ‘प्रत यशस्वी’ असा संदेश रोज येत असूनही ऐनवेळी डिस्क रिकामी निघाल्याची उदाहरणे संगणकाच्या व्यवसायात विरळा नाहीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एखाद्या जुन्या ठरावाच्या पुस्तकातील एक पान, एक कर्जरोखा व एक नकाशा अशा तीन फायली तिजोरीतील डिस्कवरून वेगळ्याच संगणकावर उघडून पाहाव्यात, त्या मूळ कागदाशी ताडाव्यात आणि नोंदवहीत तारीख घालून सही करावी. या कामाला वीस मिनिटे लागतात. तिसऱ्या वर्षापासून सर्व्हरमधील डिस्क एकेक करून बदलण्यास घ्याव्यात; बदललेली डिस्क बिघडलेली नसेल तर ती प्रतीसाठी न वापरता मजकूर पुसून निकामी करावी, आणि तीही नोंद त्याच वहीत व्हावी.